जुनी गाडी: मोडीत काढावी, विकावी की पुन्हा पासिंग करावी?

गाडीला १५ वर्षे होत आली की सगळीकडून सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतो, आता ती जप्त होणार. कोणी म्हणतो, सरकार जुन्या गाडीचे पैसे देते. दोन्ही गोष्टी अर्धवट आहेत. महाराष्ट्रात खासगी गाडी १५ वर्षांची झाली म्हणून आपोआप बाद होत नाही. आणि सरकार तिजोरीतून तुमच्या हातात रोख रक्कमही ठेवत नाही. जे मिळते ते चार-पाच लहान सवलतींच्या रूपाने मिळते. त्यातली प्रत्येक सवलत वेगळा माणूस देतो, प्रत्येकीची अट वेगळी असते, आणि बहुतेक सगळ्या एकाच कागदावर टांगलेल्या असतात. तो कागद म्हणजे ठेव प्रमाणपत्र. गाडी अधिकृत केंद्रात जमा केल्याचा तो पुरावा असतो. तो हातात नसेल तर गाडी मोडीत काढूनही सवलत मिळत नाही, म्हणून हा लेख त्याच्याभोवतीच फिरतो.

आधी भीती दूर करू. १० वर्षांची डिझेल आणि १५ वर्षांची पेट्रोल गाडी चालवू नये हा नियम दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा आहे. हरित लवादाच्या आदेशांतून तो आला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पुढे त्यात बदल होत गेले, पण ती सगळी लढाई त्या क्षेत्रापुरती आहे. पुणे, नाशिक किंवा नागपूरच्या गाडीला ती वयोमर्यादा लागू नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि त्यानंतर तपासणी करून दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. बोलीभाषेत यालाच आपण पुन्हा पासिंग म्हणतो. वयाची सक्ती आहे ती सरकारी गाड्यांना: १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपुढच्या सरकारी वाहनांचे नूतनीकरण बंद झाले आहे.

मोडीत काढण्याचे केंद्रीय धोरण ऐच्छिक आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली, मार्चमध्ये नितीन गडकरी यांनी लोकसभेत तपशील मांडला आणि सप्टेंबर-ऑक्टोबर २०२१ मध्ये नियम निघाले. धोरणाची दोन टोके आहेत. एका टोकाला जुनी गाडी ठेवणे महाग करायचे, दुसऱ्या टोकाला ती सोडणे थोडे फायद्याचे करायचे. म्हणून हिशेबही दोन्ही बाजूंनी करावा लागतो.

गाडी ठेवायची तर

खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली. दुचाकीला १,००० रुपये. आयात केलेल्या मोटारीला ४०,००० आणि आयात दुचाकीला १०,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी आणखी वरचा टप्पा आणला: मोटारीला १०,०००, दुचाकीला २,०००, आयात मोटारीला ८०,०००. म्हणजे पंधराव्या वर्षी केलेले पासिंग आणि विसाव्या वर्षी करायचे पासिंग यांची किंमत सारखी नाही.

त्यात राज्याचा पर्यावरण कर मिळवा. महाराष्ट्रात तो २०१० पासून आहे. १५ वर्षांपुढच्या खासगी गाड्यांना तो ५ वर्षांसाठी एकदम भरावा लागतो: दुचाकीला २,०००, पेट्रोल मोटारीला ३,००० आणि डिझेल मोटारीला ३,५०० रुपये. व्यावसायिक वाहनांना तो ८ वर्षांनंतरच सुरू होतो.

शिवाय उच्च सुरक्षा नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या प्रत्येक गाडीला ती बसवावी लागते, आणि पंधरा वर्षांची गाडी त्यात येणारच. महाराष्ट्रातला दर मोटारीला ७४५ आणि दुचाकीला ४५० रुपये, वर जीएसटी. ही प्लेट नसेल तर आरटीओतले काम अडते, त्यामुळे पासिंगची तारीख घेण्याआधीच तिचे बुकिंग करा.

आता बेरीज. पेट्रोल मोटारीचे पहिले पुन्हा पासिंग ५,००० अधिक ३,००० म्हणजे ८,००० रुपये. पाच वर्षांवर वाटले तर वर्षाला १,६००. विसाव्या वर्षी तेच १३,००० होते, म्हणजे वर्षाला २,६००. हे आकडे नीट पाहा. धडधाकट गाडी मोडीत काढावी इतके ते मोठे नाहीत. फीच्या धाकाने चांगली चालणारी गाडी भंगारात घालणे हा तोट्याचा सौदा आहे. खरा खर्च असतो तो पासिंगमध्ये पास होण्यासाठी कराव्या लागणाऱ्या दुरुस्तीचा.

आणि तिथेच बहुतेक गाड्या अडकतात. तपासणीत ब्रेक, स्टिअरिंगमधली ढिलाई, दिव्यांची पातळी, वायपर, हॉर्न, टायरची नक्षी आणि धूर पाहतात. हे सगळे गॅरेजमध्ये दुरुस्त होते. पण खालून गंजलेला सांगाडा सहज दुरुस्त होत नाही. कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत दाराखालची पट्टी, पुढच्या सस्पेन्शनची बैठक आणि डिकीचा तळ आधी जातो. वर पत्रा ठोकून रंग मारलेली गाडी बाहेरून चकचकीत दिसते, पण अपघातात तो भाग कागदासारखा दुमडतो. अशा गाडीवर पासिंगपुरता खर्च करू नका. एका विश्वासू मेकॅनिकला गाडी लिफ्टवर घेऊन पेचकसाच्या टोकाने हे तीन भाग टोचून पाहायला सांगा. टोक आत गेले तर निर्णय तिथेच झाला.

दुसरी नेहमीची अडचण चेसिस नंबरची. तो गंजून अस्पष्ट झाला असेल तर निरीक्षक गाडी परत पाठवतो. तो घासून किंवा स्वतः कोरून स्पष्ट करण्याच्या फंदात पडू नका, ती खाडाखोड ठरते. त्यासाठी आरटीओच्या परवानगीने नंबर पुन्हा उमटवून घेण्याची रीत आहे. सीएनजी किंवा एलपीजी असेल तर टाकीची ठरलेल्या मुदतीतली दाब चाचणी झालेली असावी. तिचा दाखला नसणे हे परत पाठवण्याचे फार मोठे कारण आहे.

नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत करता येतो. उशीर झाला तर खासगी मोटारीला दर महिन्याला ५०० आणि दुचाकीला ३०० रुपये जादा लागतात. दोन वर्षे झाकून ठेवलेल्या मोटारीवर हीच रक्कम १२,००० होते, मूळ फीच्या दुपटीहून जास्त. अंगणात उभी राहिलेली गाडी फुकट उभी आहे असे वाटते, पण तसे नसते.

गाडी सोडायची तर काय मिळते

पहिला भाग भंगाराच्या किमतीचा. धोरणात ती नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के इतकी सांगितली आहे. पण गाडी मोडणारे केंद्र प्रत्यक्षात वजन आणि लोखंडाचा त्या आठवड्याचा भाव पाहते. समजा गाडी ७५० किलोची आहे आणि किलोमागे २५ रुपये मिळाले, तर १८,७५० रुपये. हा दर उदाहरणापुरता धरला आहे, तो बदलत राहतो, म्हणून दोन-तीन केंद्रांचा भाव घ्या. भाव घेताना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: वजन काट्यावर करणार की आरसीवरचे धरणार, गाडी ओढून नेण्याचा खर्च कोणाचा, आणि बॅटरी, टायर व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भावात धरले आहेत का.

कन्व्हर्टरबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. धुराच्या नळीत बसवलेल्या या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. जुन्या गाडीतला हा सर्वांत किमती तुकडा. कुठल्या तरी गॅरेजमध्ये तो काढून साधी नळी बसवलेली असणे ही दुर्मिळ गोष्ट नाही, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मोडणी केंद्राने भाव पाडला तर कारण बहुधा हेच असते. गाडी देण्याआधी खाली वाकून तो डबा जागेवर आहे का पाहा.

दुसरा भाग नव्या गाडीच्या रस्ता करातील सवलतीचा. इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२१ च्या नियमात खासगी वाहनाला २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक वाहनाला १५ टक्क्यांपर्यंत सवलत म्हटले आहे. त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा. मोटार वाहन कर राज्याचा असतो, त्यामुळे किती सूट द्यायची ते राज्य ठरवते. महाराष्ट्रात ती आधी १० टक्के होती, एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १५ टक्के करायला मंजुरी दिली. म्हणून कोणी २५ टक्के सूट मिळेल असे सांगितले तर ते महाराष्ट्राच्या गाडीबद्दल नाही.

आणि ही १५ टक्के सूट गाडीच्या किमतीवर मिळत नाही, करावर मिळते. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल मोटारीला एकरकमी कर असा आहे: १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाख १२ टक्के, त्यापुढे १३ टक्के. डिझेलला १३, १४ आणि १५ टक्के. ८ लाखांच्या पेट्रोल गाडीचा कर ८८,००० रुपये झाला, तर सूट १३,२०० रुपयांची. तेवढ्याच किमतीच्या डिझेल गाडीचा कर १,०४,००० आणि सूट १५,६००.

सवलत देताना जुन्या गाडीचे वय, तिचा प्रकार आणि प्रमाणपत्राची मुदत तपासली जाते. मोटारीच्या प्रमाणपत्रावर मोटारच घ्यावी लागते. स्कूटर मोडीत काढून मोटारीच्या करात सूट मागता येत नाही. वयाच्या अटीत खासगी गाडीची १५ वर्षे हीच कळीची तारीख आहे. तेव्हा पासिंग संपण्याच्या निदान दोन-तीन महिने आधी आपल्या आरटीओच्या कर विभागात आरसी दाखवून लेखी विचारा. मुदत उलटल्यावर विचारले तर हीच सूट हातची जाऊ शकते.

विजेची गाडी घेणाऱ्यांनी एक बाब ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रात विद्युत वाहनांना मोटार वाहन करात माफी आहे. करच शून्य असेल तर त्यावरची १५ टक्के सूटही शून्यच. अशा खरेदीत प्रमाणपत्राची किंमत बरीच उतरते, आणि जुनी गाडी मोडीत काढण्यापेक्षा विकणे अनेकदा बरे पडते.

तिसरा भाग नोंदणी फीच्या माफीचा. ऐकायला मोठा वाटतो, पण नव्या खासगी मोटारीची नोंदणी फी ६०० रुपये आणि दुचाकीची ३०० रुपये आहे. तेवढीच माफी.

चौथा भाग कंपनीच्या सवलतीचा. धोरणात कंपन्यांनी ५ टक्के सूट द्यावी असा सल्ला होता, पण तो सल्लाच होता. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्र्यांशी झालेल्या बैठकीनंतर बहुतेक मोटार कंपन्यांनी शोरूम किमतीच्या दीड टक्का किंवा २०,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते द्यायचे मान्य केले. अट अशी, की जुनी गाडी मागच्या सहा महिन्यांत मोडीत काढलेली असावी. साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना ३ टक्के ठरले. मोटारींसाठी हे वर्षभरापुरते होते, म्हणून आज तुमची कंपनी काय देते ते बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या. विक्रेत्याने तोंडी कबूल केलेली सूट बिलात दिसत नसेल तर ती मिळणार नाही असे धरा. आणि एक्स्चेंज बोनस आणि स्क्रॅप बोनस एकाच गाडीवर मिळत नाहीत. गाडी एकतर कोणाला तरी जाते किंवा संपते, म्हणून दोन्हींतले एकच.

चारही भाग ८ लाखांच्या पेट्रोल गाडीसाठी मांडू: भंगार १८,७५०, करसूट १३,२००, नोंदणी फी ६००, कंपनीची सूट दीड टक्क्याने १२,०००. एकूण ४४,५५० रुपये. हा तुमचा मापदंड. तुमच्या जुन्या गाडीला बाजारात यापेक्षा स्पष्टपणे जास्त किंमत येत असेल आणि ती चालवायला सुरक्षित असेल, तर ती विका. ३०,००० वरच अडकत असेल तर अधिकृत केंद्राचा रस्ता बरा. नवी गाडी घ्यायचीच नसेल तर हाती फक्त १८,७५० येतात, आणि मग तुलना त्याच आकड्याशी करायची. प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावावर हस्तांतरित करता येते, त्यामुळे घरात कोणी नवी गाडी घेत असेल तर ते वाया घालवू नका. सेकंड हँड गाडी घेताना मात्र ते उपयोगी पडत नाही, कारण एकरकमी कर नव्या नोंदणीवर असतो.

नव्या गाडीच्या बाजूने जीएसटीचा हिशेबही पाहायला हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलमध्ये १२०० सीसी, डिझेलमध्ये १५०० सीसीपर्यंतच्या मोटारींवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के. दुचाकींमध्ये ३५० सीसीपर्यंत १८ टक्के, पुढे ४०. राज्याचा कर जीएसटीसह होणाऱ्या किमतीवर लागतो, म्हणजे करावर कर. ६ लाख मूळ किमतीची छोटी पेट्रोल मोटार पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर धरून ७,७४,००० ला पडत होती आणि तिचा रस्ता कर ८५,१४० होत होता. आता ती ७,०८,००० ला आणि रस्ता कर ७७,८८०. खालचा कर उतरला की वरचाही उतरतो. शोरूम किंमत १० लाखांच्या वर गेली तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, लागतो. तो वेगळा कर नाही. आयकर विवरणपत्रात तो वजा मिळतो, फक्त बिलावर तुमचा पॅन बरोबर असला पाहिजे.

केंद्रात गाडी देताना

भंगारवाल्याला गाडी कटिंगला दिली तर चार-दोन हजार जास्त मिळू शकतात. पण आरसी तुमच्याच नावावर राहते. त्या नंबरावर कोणी दुसरी गाडी चालवली, तिचा अपघात झाला, तर नोटीस तुमच्या घरी येते. नोंद ज्याच्या नावावर तोच मालक, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघात भरपाईच्या प्रकरणात घेतली आहे. म्हणून नोंदणी रद्द होणे ही या व्यवहारातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, पैशांपेक्षाही. एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या पर्यावरण नियमांनी आयुष्य संपलेली गाडी १८० दिवसांच्या आत अधिकृत केंद्रात देण्याची जबाबदारीही मालकावर टाकली आहे.

अर्ज ऑनलाइन, परिवहन विभागाच्या वाहन प्रणालीतून होतो. तो करण्याआधी कागद सरळ करा, कारण सगळा उशीर इथेच होतो. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर दिसत असेल तर बँकेचे नाहरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन तो आधी उतरवा. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटले म्हणून नोंद आपोआप जात नाही. वाहतूक पोलिसांची थकीत चलने भरा. व्यावसायिक वाहन असेल तर थकलेला कर चुकता करा. गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर वारसाने नमुना ३१ द्वारे ती आपल्या नावावर करून घ्यावी, आणि एकाहून अधिक वारस असतील तर बाकीच्यांचे संमतीपत्र तयार ठेवावे. या एका कामाला कधी कधी महिने लागतात, तेव्हा ते पहिल्यांदा हाती घ्या.

केंद्राला मूळ आरसी, पॅन कार्ड आणि रद्द केलेला धनादेश लागतो. पैसे बँकेत जमा होतात. रोख द्यायला तयार असलेले केंद्र दिसले तर थांबा आणि त्याची नोंदणी तपासा. अधिकृत केंद्रांची यादी वाहन प्रणालीत आहे. नुसत्या ‘सरकारमान्य’ पाटीवर विश्वास ठेवू नका. काही एजंट गाडी उचलून नेतात आणि प्रमाणपत्र आठवडाभरात येईल असे सांगतात. गाडी अंगणातून हलण्याआधी ऑनलाइन अर्जात केंद्राचे नाव आणि तुमच्या गाडीचा नंबर दिसलाच पाहिजे.

गाडी देण्यापूर्वी ती समोरून, मागून, चेसिस नंबर आणि किलोमीटरच्या काट्यासह फोटो काढून ठेवा. डिकी, सीटखालचे कप्पे, टपावरचा कॅरिअर रिकामा करा. सीएनजीची टाकी असल्याचे केंद्राला आधी सांगा, कारण गॅस सोडून ती वेगळी काढावी लागते. केंद्र चोरीच्या नोंदी तपासून गाडी जमा करून घेते आणि मग ठेव प्रमाणपत्र देते. त्यानंतर तेल, कूलंट, एसीचा गॅस, बॅटरी, एअरबॅग हे सगळे काढून मग गाडी कापली जाते. चेसिस नंबरचा तुकडा वेगळा जपला जातो. कापणी झाल्यावर दुसरा कागद येतो: वाहन मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र. सवलतीला पहिला कागद लागतो, जबाबदारीतून सुटण्यासाठी दुसरा. दोन्ही मागून घ्या.

ठेव प्रमाणपत्रावर मुदतीची तारीख छापलेली असते. नवी गाडी बुक करण्याआधी ती पाहा, कारण नवी गाडी मिळायला अनेक महिने लागू शकतात आणि सवलत नोंदणीच्या दिवशी मोजली जाते. प्रमाणपत्राचा क्रमांक नव्या गाडीच्या नोंदणीत विक्रेत्याने भरायचा असतो. एकदा पूर्ण कर भरून नोंदणी झाली की मागून सूट मिळवणे अतिशय जिकिरीचे होते. गाडी ताब्यात घेण्याआधी कराच्या पावतीवर कमी झालेली रक्कम स्वतः वाचा.

अपघातात किंवा पुरात गेलेली गाडी १५ वर्षांच्या आतली असेल तर आणखी एक हक्क आहे, जो फार कमी लोक मागतात. नोंदणी रद्द केल्यावर उरलेल्या वर्षांसाठीचा एकरकमी कराचा काही भाग महाराष्ट्र मोटार वाहन कर कायद्याप्रमाणे परत मागता येतो. गाडी जितकी नवी तितका हिस्सा मोठा. दोन-तीन वर्षांच्या गाडीत ही रक्कम दखल घेण्याजोगी असते.

एक्स्चेंजला देत असाल तर

शोरूममध्ये गाडी देऊन मोकळे होणे सोपे वाटते, पण नावबदल झाला नाही तर आधी सांगितलेली जबाबदारीची अडचण इथेही येते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी नियम आहे. गाडी ताब्यात देताना-घेताना नमुना २९सी ऑनलाइन भरायचा, आणि तेव्हापासून पुढे विक्री होईपर्यंत त्या गाडीची जबाबदारी विक्रेत्याची. त्याची पोच मागा. ‘नंतर करतो’ म्हणून मालकी बदलाच्या कोऱ्या नमुना २९ आणि ३० वर सह्या घेणाऱ्याला गाडी देऊ नका. जुनी गाडी विकण्यावर १८ टक्के जीएसटी तुम्हाला भरावा लागतो अशी अफवा डिसेंबर २०२४ मध्ये पसरली होती. तो कर नोंदणीकृत व्यावसायिकाच्या नफ्यावर आहे, तुम्ही शेजाऱ्याला विकलेल्या गाडीवर नाही.

प्रमाणपत्रासाठी गाडीच का मोडावी लागते

काही वेळा लोक विचारतात, गाडी बंद करून आरसी जमा केली तर सवलत का देत नाहीत. कारण जगभराचा अनुभव असा की कागदावर मोडलेली गाडी रस्त्यावर परत येते. २००९ च्या मंदीत जर्मनीने ९ वर्षांपुढची गाडी मोडणाऱ्याला २,५०० युरो दिले आणि त्यावर एकूण ५ अब्ज युरो खर्च केले. त्याच वर्षी अमेरिकेने ३,५०० किंवा ४,५०० डॉलर दिले. तिथे विक्रेत्याला इंजिनात सोडियम सिलिकेटचे द्रावण घालून ते कायमचे जाम करावे लागे, म्हणजे गाडी परत विकली जाणार नाही. त्या योजनांत सरकार थेट रोख देत होते, म्हणून त्या काही महिन्यांत संपल्या. आपल्याकडे सूट करातून आणि कंपनीच्या खिशातून येते, त्यामुळे ती छोटी आहे, पण तिला अशी धावपळीची अंतिम तारीख नाही. आपल्या गाडीची पंधरा वर्षांची तारीख आणि प्रमाणपत्राची मुदत सांभाळली, तर तुम्हाला विचार करायला वेळ आहे.

शेवटची दोन कामे

गाडी गेल्यावर विमा कंपनीला ठेव प्रमाणपत्राची प्रत देऊन पॉलिसी रद्द करा आणि नो क्लेम बोनसचे पत्र मागा. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. पाच वर्षे दावा केला नसेल तर तो ५० टक्के असतो आणि तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात वापरता येतो. नव्या गाडीवर ही बचत नोंदणी फीच्या ६०० रुपयांच्या कितीतरी पट असते, तरी विक्रेता आपणहून तिचा विषय काढेलच असे नाही, कारण शोरूमचा विमा त्याला लगेच द्यायचा असतो. पत्र आधी हातात घ्या, मगच नव्या गाडीचा विमा ठरवा.

फास्टॅग बँकेतल्या तुमच्या खात्याशी जोडलेला असतो. गाडी जाण्याआधी तो खरवडून काढा, बँकेकडे बंद करण्याची विनंती नोंदवा आणि अनामत रक्कम परत मागा. दोन्ही प्रमाणपत्रे, केंद्राची पावती, पैसे जमा झाल्याचा बँकेचा उतारा आणि गाडीचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा. महिन्याभराने वाहन प्रणालीत जुना नंबर टाकून नोंदणी रद्द दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर त्याच फाइलसह आरटीओत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.